साच्यातली संकेतस्थळं इतकी जड का?

मराठीतला अडीच हजार शब्दांचा एक लेख घेऊ. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, मग ते व्यंजन असो की काना-मात्रा, संगणकात साधारणपणे तीन बाइट घेतं. हिशेब मांडला तर सगळा लेख पन्नास केबीच्या आसपास भरतो. सर्व्हर मजकूर दाबून पाठवतो, त्यामुळे प्रत्यक्षात वाचकाकडे निघतात ते दहा-पंधरा केबी. इंटरनेटची व्यवस्था अशी आहे की नव्या जोडणीवर सर्व्हर पहिल्या खेपेला सुमारे चौदा केबी पाठवतो, पोच मिळाली की पुढची खेप मोठी करतो, मग आणखी मोठी. म्हणजे असा लेख एक-दोन खेपांत फोनवर उतरायला हवा. प्रत्यक्षातलं चित्र निराळं आहे. संकेतस्थळांची २०१० पासून नियमित मोजदाद ठेवणाऱ्या एचटीटीपी आर्काइव्ह या प्रकल्पाच्या नोंदींनुसार, ऑक्टोबर २०२४ मध्ये मोबाइलवरच्या मधल्या पानाचं वजन २,३११ केबी होतं. मधलं म्हणजे निम्मी पानं याहून जड आणि निम्मी याहून हलकी. संगणकावर उघडणाऱ्या पानासाठी हाच आकडा २,६५२ केबी होता. २०१० च्या अखेरीस तो पाचशे केबीच्याही खाली होता. मधल्या काळात वाचकाला मिळणारा मजकूर काही पाचपट झालेला नाही. २०१६ मध्ये रोनान क्रेमिन या अभियंत्याने दाखवून दिलं होतं की एका सरासरी पानाचं वजन आता १९९३ च्या ‘डूम’ या खेळाच्या इन्स्टॉल करायच्या फाइलइतकं झालंय. त्या फाइलमध्ये एक अख्खा खेळ होता, राक्षसांसकट.

या वाढीचं खापर साधारणपणे तीन ठिकाणी फोडलं जातं: स्वस्त होस्टिंग, मोठाले फोटो आणि आळशी प्रोग्रॅमर. तिन्हींत तथ्य आहे, पण तेवढ्याने भागत नाही. कारण आज जगातल्या संकेतस्थळांचा मोठा हिस्सा कुणी प्रोग्रॅमर लिहीतच नाही; तो जुळवला जातो. २००३ मध्ये सुरू झालेल्या वर्डप्रेसवर आज जगातली चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळं चालतात, आणि त्यांतली पुष्कळशी विकतची थीम म्हणजे तयार साचा, तिच्यावर एलिमेंटॉर किंवा डिव्हीसारखा पान जुळवायचा बिल्डर आणि वर दहा-वीस प्लगइन अशा घडणीची असतात. विक्स, स्क्वेअरस्पेस, शॉपिफाय या सेवांमध्ये होस्टिंगपासून साच्यापर्यंत सगळं एकाच दुकानात मिळतं. या साधनांनी केलेलं काम मोठं आहे. कोड न येणाऱ्या माणसाला आपल्या दुकानाचं, संस्थेचं, दवाखान्याचं पान स्वतः उभं करता आलं, हे पूर्वी इतकं सोपं नव्हतं. म्हणून साच्यांना नावं ठेवून मोकळं होणं मला पटत नाही. माझं म्हणणं असं की पान जड होतं ते साच्याच्या बाजारातल्या एका विसंगतीमुळे: साचा निवडतो एक, तो घडवतो दुसरा, आणि त्याच्या वजनाची किंमत मोजतो तिसरा, ज्याला कुणी काही विचारलेलंच नसतं.

निवडण्यापासून सुरुवात करू. थीमफॉरेस्टसारख्या बाजारात हजारो थीम शेजारी शेजारी मांडलेल्या असतात आणि ग्राहक त्या पारखतो नमुन्याच्या पानावरून. ते पान तो बहुधा ऑफिसातल्या संगणकावर, चांगल्या जोडणीवर पाहतो. नमुन्यातले फोटो व्यावसायिकांनी काढलेले असतात, मजकूर मोजका असतो, सरकणारी चित्रं, स्क्रोल करताना अलगद वर येणारे परिच्छेद, मागे चालणारा व्हिडिओ, सगळं डोळ्यांना दिसतं. वजन दिसत नाही. विकणाऱ्याच्या दृष्टीने पाहिलं तर प्रत्येक जास्तीची सोय म्हणजे आणखी एक गिऱ्हाईक: उपाहारगृहवाल्याला मेन्यूची मांडणी हवी, वकिलाला भेटीची वेळ ठरवायची सोय हवी, छायाचित्रकाराला दालन हवं. तिघांना एकच थीम विकायची तर तिन्ही सोयी तिच्यात कोंबाव्या लागतात, आणि मग वकिलाच्या पानातही मेन्यूच्या मांडणीचे नियम उतरतात. हलकी, नेमकं एकच काम करणारी थीम या बाजारात दरिद्री दिसते. ‘शंभराहून जास्त नमुने, एका क्लिकवर’ ही जाहिरात खपते; ‘यात फारसं काही नाही’ ही खपणार कशी?

थीमसोबत फुकट येणाऱ्या प्लगइनांची गोष्ट तर वेगापुरतीही राहत नाही. वर्षानुवर्षं अनेक थीम चित्रं सरकवणारं एक लोकप्रिय स्लायडर-प्लगइन पोटात घेऊन विकल्या गेल्या. त्यात २०१४ मध्ये सुरक्षेचं मोठं भोक सापडलं. मूळ प्लगइनची दुरुस्ती कधीच निघाली होती, पण थीमच्या पोटातून आलेल्या प्रतींना ती आपोआप पोचत नव्हती, आणि आपल्या संकेतस्थळात असं काही आहे हे अनेक मालकांच्या गावीही नव्हतं. त्या डिसेंबरात सोकसोक नावाच्या घुसखोर कोडने वर्डप्रेसची लाखभर संकेतस्थळं याच वाटेने गाठली. न वापरलेला कोड नुसता पडून राहत नाही, त्याला दारंही असतात. आणि ज्या स्लायडरसाठी हा खटाटोप, त्याचा उपयोग तरी किती? अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठाच्या संकेतस्थळावर एरिक रन्यन यांनी २०१३ मध्ये मोजणी केली तेव्हा मुख्य पानावरच्या स्लायडरवर जेमतेम एक टक्का लोक क्लिक करत होते, आणि त्या क्लिकांपैकी बहुतेक पहिल्याच चित्रावर पडत होते. पुढची चित्रं उतरत होती, सरकत होती आणि जवळपास कुणालाही नको होती.

आता घडवणाऱ्याची बाजू पाहू. बिल्डरमध्ये माणूस शीर्षक उचलून इकडून तिकडे ठेवतो, बाजूची जागा वाढवतो, मागे रंग भरतो. यातलं काहीही कधीही करता यावं म्हणून बिल्डरला प्रत्येक गोष्टीभोवती अदृश्य चौकटी बांधाव्या लागतात. एलिमेंटॉरच्या २०२० पूर्वीच्या आवृत्त्यांमध्ये एका साध्या शीर्षकाभोवती विभाग, त्याच्या आत धारक, मग ओळ, स्तंभ, स्तंभाचं वेष्टण, विजेटांचं वेष्टण, विजेट आणि विजेटचा धारक अशा एकात एक आठ चौकटी असत. हाताने लिहिलेल्या पानात तेच काम एका ओळीत होतं. अक्षरांच्या हिशेबात या चौकटी फार जड नाहीत, त्या दाबल्याही छान जातात. खर्च पुढे सुरू होतो. ब्राउझरला प्रत्येक चौकटीसाठी कोणते नियम लागू होतात ते शोधावं लागतं, तिची रुंदी-उंची काढावी लागते, आणि वरच्या भागात काही बदललं की खालच्या कित्येकांची मापं पुन्हा घ्यावी लागतात. गुगलचं लाइटहाउस हे तपासणीचं साधन पानात आठशेच्या वर घटक झाले की इशारा देतं आणि चौदाशेच्या वर गेले की दोष दाखवतं. बिल्डरने केलेलं लांबलचक मुख्य पान ही रेषा सहज ओलांडतं, कुणी काहीही चुकीचं केलेलं नसताना. एलिमेंटॉरने २०२० च्या तिसऱ्या आवृत्तीत यातली काही वेष्टणं काढून टाकली, पुढे २०२२ मध्ये मांडणीची नवी, कमी चौकटींची पद्धत आणली. म्हणजे दुखणं त्यांनाही ठाऊक होतं. पण जुन्या संकेतस्थळांवर हे बदल आपोआप लादता येत नाहीत, कारण कुणीतरी त्या जुन्या चौकटींना धरून आपले रंग आणि मापं ठरवलेली असतात. चौकट काढली की पान विस्कटतं. त्यामुळे सुधारणा मिळते ती मुख्यतः नव्यांना.

चौकटींच्या जोडीला येते ती ‘लागलंच तर असू दे’ वृत्ती. कॉन्टॅक्ट फॉर्म ७ हे वर्डप्रेसवरचं अतिशय लोकप्रिय प्लगइन आहे. मूळ रचनेत ते आपल्या फाइली संकेतस्थळाच्या प्रत्येक पानावर पाठवतं, संपर्काचा फॉर्म एकाच पानावर असला तरी. कारण कोणत्या पानावर फॉर्म टाकला जाईल हे प्लगइन लिहिणाऱ्याला आधी कळत नाही, आणि फॉर्म चालला नाही तर तक्रार त्याच्याकडे येते. पान मंद झाल्याची तक्रार त्याच्याकडे येत नाही, कारण ती मंदी कुणाच्या एकट्याच्या नावावर लागत नाही. वीस प्लगइनांपैकी प्रत्येकाने थोडंसं वजन टाकलं की झालं. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि फोन अशी तीन चिन्हं दाखवायला शेकडो चिन्हांचा अख्खा संच उतरतो. २००६ मध्ये ब्राउझरांमधले फरक झाकण्यासाठी जन्मलेली जेक्वेरी ही लायब्ररी आज ब्राउझर एकसारखे वागत असतानाही बहुतेक पानांत हजर असते, कारण एखादं जुनं प्लगइन तिच्यावर उभं असतं. एचटीटीपी आर्काइव्हच्या २०२२ च्या वार्षिक पाहणीत मोबाइलवरच्या मधल्या पानात ४६० केबीच्या आसपास जावास्क्रिप्ट निघाली, आणि त्यातली एक तृतीयांशाहून अधिक पान उघडताना वापरलीच जात नव्हती.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. जिओ २०१६ मध्ये आल्यापासून भारतात डेटा स्वस्त झाला, आता ५जी आलं. दोन एमबीचं कौतुक कशाला? चित्रपटाच्या दोन मिनिटांत त्याहून जास्त खर्च होतात. उत्तर असं की सगळे बाइट सारखे नसतात. १७० केबीचा फोटो आणि १७० केबीची जावास्क्रिप्ट तारेवरून यायला सारखाच वेळ घेतात, पण फोटो फक्त उलगडून दाखवायचा असतो. जावास्क्रिप्ट वाचावी लागते, तिचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करावं लागतं, मग ती चालवावी लागते, आणि हे बहुतांशी ब्राउझरच्या एकाच मुख्य धाग्यावर होतं. त्याच धाग्यावर मापं घेणं, रंगवणं आणि तुमच्या बोटाला प्रतिसाद देणंही असतं. म्हणून फोनच्या खोक्यावर आठ कोअर लिहिलेले असले तरी पानाच्या या टप्प्यावर त्यांतला एकच घाम गाळतो. महागड्या फोनचा एक कोअर आणि आठ-दहा हजारांच्या फोनचा एक कोअर यांच्या वेगात कित्येक पटींचा फरक आहे, आणि ५जीचा मनोरा तो भरून काढू शकत नाही. लाइटहाउस मोबाइलची चाचणी घेताना मुद्दाम जोडणीचा वेग १.६ एमबीपीएसवर आणतं आणि प्रोसेसर चारपट मंद करतं, ते याचसाठी. जोडणीतही नुसता वेग पुरत नाही. पान उघडायला पत्ता शोधणं, जोडणी करणं, सुरक्षित कुलूप लावणं, मग मूळ फाइल, तिच्यातून कळलेली शैलीची फाइल, तिच्यातून कळलेला फाँट अशा एकामागून एक फेऱ्या होतात. एका फेरीला दीडशे मिलिसेकंद लागत असतील तर पाइप कितीही रुंद केला तरी फेऱ्यांची संख्या कमी होत नाही. साच्याचं पान या फेऱ्या वाढवतं, कारण त्याचे भाग वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या सर्व्हरवर ठेवलेले असतात.

शिवाय ‘आमच्या गिऱ्हाइकांची तक्रार नाही’ हे ज्यांच्या भरवशावर म्हटलं जातं ते आकडेच फसवे असू शकतात. यूट्यूबमध्ये काम करणाऱ्या क्रिस झकरायस यांनी २००९ च्या सुमाराला व्हिडिओ पाहण्याचं १.२ एमबीचं पान घटवून ९८ केबीवर आणलं. या प्रयोगाचं नाव होतं फेदर. आकडे आले तेव्हा पान उघडायला लागणारा सरासरी वेळ चक्क वाढलेला होता. शोध घेतल्यावर उलगडा झाला: आग्नेय आशिया, दक्षिण अमेरिका, आफ्रिका, सायबेरिया इथल्या लोकांना जुनं पान उघडायला वीस मिनिटांच्या वर लागत असत, म्हणून ते कधी मोजणीत आलेच नव्हते. हलकं पान त्यांना दोन मिनिटांत मिळू लागलं, ते पहिल्यांदाच व्हिडिओ पाहू लागले आणि त्यांच्या दोन मिनिटांनी सरासरी वर खेचली. जड पानाचे बळी आकडेवारीत दिसत नाहीत, कारण आकडेवारी त्यांचीच ठेवली जाते जे शेवटपर्यंत थांबले. एखाद्या दुकानदाराने आपल्या संकेतस्थळाचा अहवाल उघडून ‘बहुतेक लोक चांगल्या फोनवरून येतात’ असा निष्कर्ष काढला तर साधा फोनवाला मुळात येतच नव्हता की येऊन परत गेला, हे त्याला त्या अहवालातून कळणार नाही.

फोटोंविषयी थोडं जास्त बोलायला हवं, कारण वजनाच्या हिशेबात सहसा तेच आघाडीवर असतात आणि त्यांच्याबाबतीत दोष सरसकट मालकाच्या माथी मारला जातो. बारा मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातला फोटो ४,००० गुणिले ३,००० ठिपक्यांचा असतो. तो पानावर बोटभर आकारात दाखवला तरी उतरतो पूर्णच, आणि दाखवण्यासाठी तसाच उलगडला तर फोनच्या स्मृतीत प्रत्येक ठिपक्याला चार बाइट या दराने ४८ एमबी जागा घेतो. वर्डप्रेसने यावर उपाय केले आहेत. २०१५ च्या ४.४ आवृत्तीपासून ते एकाच फोटोच्या लहान-मोठ्या प्रती पानात नोंदवतं आणि ब्राउझर आपल्या पडद्याला साजेशी उचलतो. २०१९ मध्ये अवाढव्य फोटो २,५६० ठिपक्यांवर आणायची सोय आली. २०२० मध्ये खालचे फोटो गरज पडेल तेव्हाच उतरवायची. पण साच्यांना आवडतं ते पडदाभर पसरलेलं पार्श्वचित्र, आणि ते बहुधा फोटो म्हणून न टाकता शैलीच्या नियमातून टाकलेलं असतं. तिथे वर्डप्रेसचे हे उपाय आपोआप लागू होत नाहीत. ब्राउझरला ते चित्र आहे हेच शैलीची फाइल वाचून झाल्यावर कळतं, म्हणजे पानावरची सर्वांत मोठी गोष्ट सर्वांत उशिरा मागवली जाते. मालकाने फोटो कितीही जपून निवडला तरी हे बदलत नाही.

यावर कडी करतो तो फिरतं चक्र दाखवणारा प्रीलोडर. अनेक थीममध्ये तो असतो आणि नमुन्यात रुबाबदार दिसतो. त्याचं काम काय, तर सगळ्या फाइली येईपर्यंत पान झाकून ठेवणं. ब्राउझर मुळात येईल तसं दाखवत जायला शिकलेला आहे: मजकूर आधी आला तर मजकूर आधी. प्रीलोडर ही शहाणीव मोडून काढतो आणि वाचता येण्याजोगं पान तळाच्या फोटोची वाट बघत दडवून ठेवतो. परिच्छेद अलगद उमटवण्याची नक्षीही त्याच जातीची. त्यासाठी मजकूर आधी अदृश्य करून ठेवतात आणि जावास्क्रिप्ट चालू झाल्यावर प्रकट करतात. जावास्क्रिप्ट अडली की मजकूरही अडला. मंदपणाचं असं नटवणं पाहून हसावं की रडावं कळत नाही.

मराठी संकेतस्थळांना या सगळ्यावर फाँटचा एक जादा भार असतो. इंग्रजी फाँटमध्ये मूळ अक्षरं, अंक आणि थोडी चिन्हं मिळून काम भागतं. देवनागरीला जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, मात्रांची वेगवेगळी रूपं आणि ती जुळवण्याचे नियम लागतात, म्हणून फाइल कित्येक पट मोठी होते. साच्याची घडण लॅटिन लिपीच्या हिशेबाने झालेली असते. त्यात एकाच फाँटच्या चार-पाच जाड्या मागवलेल्या असतात, कारण तिथे एक जाडी म्हणजे पंधरा-वीस केबींचा प्रश्न. मराठी मजकुरासाठी मुंबईच्या एक टाइपचा मुक्त किंवा तसा एखादा चांगला देवनागरी फाँट त्या जागी बसवला की तेच चार-पाच आकडे भारी पडतात. फाँट येईपर्यंत अनेक ब्राउझर तीन सेकंदांपर्यंत मजकुराची जागा कोरी ठेवतात. वाचकाला रंगीत पट्टे दिसतात, अक्षरं नाहीत. याला फार सोपा उतारा आहे: फाँटच्या नियमात एक शब्द बदलला तर ब्राउझर तोवर फोनमधला फाँट वापरतो, आणि अँड्रॉइडमध्ये देवनागरीसाठी नोटो, विंडोजमध्ये निर्मला हे फाँट आधीपासून असतात. जाड्या दोनच ठेवल्या तरी ओझं निम्म्यावर येतं. पण साचा विकणाऱ्याने हे देवनागरीत तपासलेलंच नसतं, आणि बसवणाऱ्याला त्याच्या संगणकावर फाँट एकदा येऊन साठलेला असल्याने काही जाणवत नाही.

दुसरा आक्षेप पैशांचा आहे. लहान व्यावसायिकाने प्रोग्रॅमर नेमायचा कुठून? पंधरा-वीस हजारांत संकेतस्थळ करून देणाऱ्याला महिनाभर कोड लिहायला परवडेल कसं? हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच ‘सगळं हाताने लिहा’ हा सल्ला निरर्थक वाटतो. पण यातून निघणारा नेहमीचा मार्ग, म्हणजे वेगासाठी आणखी एक प्लगइन, हा तपासून घ्यायला हवा. कॅशिंगचं प्लगइन तयार पान साठवून ठेवतं, सर्व्हरचं उत्तर लवकर येतं, आणि हा खरा फायदा आहे. त्यानंतर वाचकाच्या फोनवर जे व्हायचं ते मात्र तितकंच उरतं. काही प्लगइन त्यापुढे जाऊन सगळी जावास्क्रिप्ट वाचकाचा पहिला स्पर्श होईपर्यंत रोखून धरतात. चाचणी करणारं यंत्र पडद्याला हात लावत नाही, म्हणून गुण नव्वदीपार जातात. माणूस मेन्यू उघडायला बोट टेकवतो तेव्हा रोखलेलं सगळं एकदम सुटतं आणि मेन्यू उघडतच नाही. हा उपाय काही पानांवर योग्यही असतो, पण तो मंदपणा हटवत नाही, तो चाचणीच्या नजरेआड सरकवतो. गुगलने मार्च २०२४ पासून स्पर्शाला मिळणाऱ्या प्रतिसादाचं, भेटीभरातलं मोजमाप आपल्या मुख्य निकषांत घेतलं, त्यामुळे ही पळवाट थोडी अरुंद झाली आहे.

माझ्या मूळ मुद्द्याला सर्वांत भक्कम आधार मिळतो तो बिल्डरांच्याच तुलनेतून. साचा हेच दुखणं असतं तर सगळे बिल्डर सारखेच जड असायला हवे होते, आणि ज्यांत पायाचा कोड कंपनीच्याच हातात असतो ते विक्स आणि शॉपिफाय सर्वांत वाईट ठरायला हवे होते. घडलं उलट. विक्सची मंदपणाबद्दल एके काळी बरीच बदनामी होती. गुगलने २०२० मध्ये वेगाचे ठोस निकष जाहीर केले आणि २०२१ च्या मध्यापासून ते शोधाच्या क्रमवारीत धरायला सुरुवात केली, तसे या कंपन्यांनी आपले साचे आतून बदलले. आज क्रोम वापरणाऱ्या खऱ्या लोकांच्या भेटींवर आधारलेल्या एचटीटीपी आर्काइव्हच्या तुलनेत डुडा या तशाच सेवेवरच्या, तसंच शॉपिफाय आणि विक्सवरच्या संकेतस्थळांपैकी निकष पार करणाऱ्यांचं प्रमाण वर्डप्रेसपेक्षा ठळकपणे जास्त आहे. तिथेही साचेच आहेत, तीच ओढायची-टाकायची पद्धत आहे, तेच कोड न येणारे मालक आहेत. फरक जबाबदारीत आहे. विक्सवर पान मंद झालं तर नाव विक्सचं जातं, आणि एका ठिकाणी केलेली दुरुस्ती लक्षावधी संकेतस्थळांना एका रात्रीत मिळते. वर्डप्रेसवर थीमवाला, बिल्डरवाला, प्लगइनवाला, होस्टिंगवाला आणि बसवून देणारा यांच्यात ती वाटली जाते, आणि वाटलेली जबाबदारी कुणीच उचलत नाही. याची दुसरी बाजू सांगायलाच हवी: विक्समधून संकेतस्थळ उचलून दुसरीकडे नेता येत नाही, वर्डप्रेसमधून येतं. मालकी आपल्याकडे ठेवायची तर वजनाकडे लक्षही आपणच द्यावं लागतं.

आणि वेग वाढवून मिळतं काय, हाही प्रश्न रास्त आहे. या विषयावरचे बरेचसे आकडे वेग विकणारेच छापतात, म्हणून ते जपून घ्यावेत. त्यातल्या त्यात विश्वास ठेवावा असा प्रयोग इटलीत व्होडाफोनने केला. एकाच पानाच्या दोन प्रती, दिसायला आणि मजकुरात सारख्याच, वेगवेगळ्या लोकांना दाखवल्या. मुख्य भाग दिसण्याचा वेळ जिथे ३१ टक्क्यांनी सुधारला होता तिथे विक्री ८ टक्के जास्त झाली. वजनातला किती भाग वाचकासाठी असतो याचं उत्तर मात्र अपघाताने मिळालं. मे २०१८ मध्ये युरोपात खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू झाला तेव्हा यूएसए टुडे या अमेरिकी दैनिकाने युरोपातल्या वाचकांसाठी पाळत ठेवणाऱ्या आणि जाहिरातींच्या स्क्रिप्ट काढून टाकलेली आवृत्ती दिली. ५.२ एमबीचं पान अर्ध्या एमबीवर आलं. बातम्या त्याच होत्या.

साचा वापरणाऱ्यालाही यात काही करता येतं, आणि त्याला कोड यावा लागत नाही. थीम निवडताना तिचं नमुना-पान आपल्या घरातल्या सर्वांत जुन्या फोनवर, वायफाय बंद करून उघडावं. प्रीलोडर आणि स्लायडर बंद करता येतात का ते आधी पाहावं. यूट्यूबचा व्हिडिओ पानात रोवला की कुणी तो सुरू करण्याआधीच अर्ध्या एमबीच्या वर फाइली येतात. त्याजागी नुसतं चित्र ठेवून स्पर्श झाल्यावर व्हिडिओ बोलावणारे हलके पर्याय आहेत. नकाशा रोवण्याऐवजी नकाशाचा दुवा दिला तरी पत्ता सापडतो, उलट फोनमध्ये थेट मार्गदर्शनच सुरू होतं. वर्डप्रेसच्या नव्या ब्लॉक थीममध्ये पानावर वापरलेल्या भागांचीच शैली पाठवली जाते, त्यामुळे नव्याने सुरुवात करणाऱ्याला वेगळ्या बिल्डरची गरज आहेच का, हेही एकदा तपासण्यासारखं आहे. पण बसवून देणाऱ्याशी व्यवहार ठरवताना अट मात्र चाचणीतल्या गुणांची घालू नये. तो गुण एका यंत्रावरच्या एका क्षणाचा असतो आणि वर सांगितलेल्या युक्तीने फुगवताही येतो. अट घालावी प्रत्यक्ष भेटींची: मोबाइलवरच्या शंभरपैकी पंचाहत्तर भेटींत पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसला पाहिजे आणि बोट टेकल्यावर दोनशे मिलिसेकंदांत काहीतरी हललं पाहिजे. हे गुगलचेच निकष आहेत. पुरेशी वर्दळ असलेल्या संकेतस्थळाच्या मालकाला गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये हे आकडे फुकट दिसतात, आणि ते मागच्या अठ्ठावीस दिवसांचे असल्याने शेवटचा हप्ता महिनाभर राखून ठेवायला ते चांगलं कारण आहे.